सोडलं की सुटलं

बहुतेक खेळांत खेळाडूने शेवटपर्यंत काहीतरी करत राहावं अशी अपेक्षा असते. फ्री फ्लाइट मॉडेल विमानांच्या स्पर्धेत विमान हातातून सुटलं की खेळाडूचं काम संपतं. रिमोट नाही, वैमानिक नाही, मध्येच दिशा बदलायला सांगण्याची सोय नाही. विमानाने स्वतःच्या अकलेने उडायचं आणि ज्याने ते वर्षभर खपून तयार केलं त्याने खाली उभं राहून हातवारे करायचे. या हातवाऱ्यांचा काडीचा उपयोग नाही हे मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरीही डावीकडे कलणारं विमान उजवीकडे वळावं म्हणून साठी ओलांडलेले भले गृहस्थ स्वतःच कमरेतून उजवीकडे कललेले दिसतात.

अशा लोकांचा जगभर एक हंगाम चालतो. हवाई खेळांची आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे लोझानची एफएआय, त्यांच्यासाठी विश्वचषक मालिका भरवते. जानेवारी ते डिसेंबर देशोदेशी स्पर्धा होतात, प्रत्येकाचे चांगले निकाल जमेस धरले जातात आणि वर्षअखेरीस क्रमवारी लागते. मुख्य गट तीन. एफ१ए म्हणजे दोरीने वर चढवायचं ग्लायडर, एफ१बी म्हणजे रबराच्या पिळावर चालणारं विमान आणि एफ१सी म्हणजे छोटं इंजिन लावलेलं. तिन्ही गटांत अपेक्षा एकच: विमान तीन मिनिटं हवेत राहिलं पाहिजे. तीन मिनिटं भरली की त्याला ‘मॅक्स’ म्हणतात. सव्वातीन मिनिटं राहिलं तरी मॅक्स, अर्धा तास राहिलं तरी मॅक्स. एकशे ऐंशी सेकंदांच्या वरचं सगळं उड्डाण धर्मादाय.

ही कंजुषी आली त्याला विमानंच जबाबदार आहेत. ती फार चांगली उडू लागली.

रबरावर उडणाऱ्या विमानाचा मूळपुरुष आल्फाँस पेनो. या फ्रेंच तरुणाने १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या तुईलरी बागेत पिळलेल्या रबरावर चालणारं छोटं विमान लोकांसमोर उडवून दाखवलं. ते ११ सेकंद उडालं आणि बघणारे खूश झाले. याच पेनोच्या कल्पनेवर बेतलेलं एक रबरी उडतं खेळणं १८७८मध्ये अमेरिकेतल्या एका पाद्र्याने आपल्या दोन धाकट्या मुलांसाठी घरी आणलं. मुलांची नावं विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. त्यानंतर ती मुलं वाया गेली असं म्हणण्याची सोय कुणालाच उरली नाही, आणि जगभरातले मॉडेलवाले घरच्यांपुढे हा दाखला आजतागायत वापरतात.

पुढे या खेळाला चषक मिळाला तो तेलवाल्याकडून. मुंबई-पुण्यातल्या गॅरेजांच्या भिंतींवर ज्या कॅस्ट्रॉलच्या पाट्या दिसतात, त्या तेलाचे जनक लॉर्ड वेकफिल्ड. त्यांनी दिलेल्या चषकासाठी १९२८पासून आंतरराष्ट्रीय लढती सुरू झाल्या. रबरी विमानांच्या गटाला म्हातारी मंडळी अजून ‘वेकफिल्ड’च म्हणतात. त्या काळी दूर देशातल्या स्पर्धकाला बोटीचं तिकीट परवडत नसे. मग विमान एकटंच खोक्यात बसून जायचं आणि यजमान देशातला कुणी अनोळखी माणूस त्याच्या वतीने ते उडवायचा. इकडे मालक महिनाभर टपालाची वाट बघणार आणि मग त्याला कळणार की त्या भल्या माणसाने विमान झाडात घातलं.

१९३९ साली न्यू जर्सीतल्या बेंडिक्स इथे वेकफिल्ड चषकाची लढत झाली. क्लीव्हलँडच्या डिक कोर्डाचं विमान वर गेलं आणि खाली यायचं नावच घेईना. तब्बल ४३ मिनिटं! चषक अर्थात त्यालाच मिळाला. त्यात त्याच्या विमानाचा वाटा किती आणि त्या वेळी नेमक्या जागी वर उठलेल्या गरम हवेचा किती, यावर वाद घालता येईल. पण असं रोज होऊ लागलं तर टाइमकीपर घरी कधी जाणार, हा प्रश्न खरा होता. आजच्या नियमांत कोर्डाच्या त्या उड्डाणाची नोंद १८० सेकंद अशी झाली असती आणि उरलेली चाळीस मिनिटं त्याने विमानामागे पळण्यात घालवली असती.

तेव्हापासून या खेळाचा इतिहास म्हणजे एकच भांडण आहे. एफएआयच्या नियम करणाऱ्या समितीने विमानाचं बळ कापायचं आणि खेळाडूंनी ते दुसऱ्या वाटेने परत आणायचं. रबरी विमानात एकेकाळी ८० ग्रॅम रबर चालत असे. समितीने ते ५० केलं, मग ४०, मग ३५ आणि शेवटी ३०. एवढ्या काटकसरीत एखादा कारकूनही राजीनामा देईल. पण विमानं ऐंशी ग्रॅमवर जेवढी चढत त्याहून तीस ग्रॅमवर जास्त चढू लागली, कारण दरम्यान बाल्सा लाकडाच्या जागी कार्बन फायबर आलं आणि पंखांचे आकार सुधारले. इंजिनाचंही तेच. मोटर चालू ठेवायची मुभा दहा सेकंदांवरून सातवर आली, सातवरून पाचवर आणि पाचवरून चारवर. खेळाडूंनी काय करावं? चढताना पंखच दुमडून घेणारी विमानं बनवली. अडीच घनसेंटीमीटरचं इंजिन मिनिटाला तीस हजार फेऱ्यांच्या आसपास किंचाळतं, विमान सरळ आकाशात घुसतं, इंजिन बंद पडतं, पंख उलगडतात आणि शंभर मीटरच्या वर ते शांतपणे घिरट्या घालायला लागतं. या इंजिनाच्या इंधनात मिथेनॉलबरोबर एरंडेल असतं. लहानपणी ज्यांना ते चमच्याने पाजलं गेलं त्यांना इंजिनाच्या किंचाळण्याचं नवल वाटणार नाही.

दोन्ही बाजू चिवट आहेत, आणि गंमत म्हणजे समितीतली बरीच मंडळी स्वतः विमानं उडवणारीच असतात.

रबरी विमान उडवायला तयार करणं हा जवळून पाहण्यासारखा प्रकार आहे. तीस ग्रॅम रबराच्या पातळ पट्ट्या दुमडून दुमडून एक जाडसर लड केली जाते. तिला वंगण चोळलं जातं. एका टोकाला ती खुंटावर अडकवायची, दुसऱ्या टोकाला हाताने फिरवायचं यंत्र. मग खेळाडू मागे मागे चालत जातो आणि लड तिच्या मूळ लांबीच्या पाच-सहा पट ताणतो. पीळ द्यायला सुरुवात होते. जसा पीळ भरतो तसा तो एकेक पाऊल पुढे येतो. एका डोळ्याने पिळाचा जोर दाखवणारा काटा बघायचा, दुसऱ्याने रबर. शे-दीडशे फेऱ्या सहज जातात. तीनशेनंतर रबरावर गाठींवर गाठी चढतात आणि आजूबाजूची माणसं बोलायची थांबतात. चारशेच्या आसपास ते लाकडाइतकं कडक होतं. इथे दोन फेऱ्या कमी दिल्या तर पाच मीटर उंची गेली, दोन जास्त दिल्या तर फाट् असा आवाज येतो आणि हातात रबराच्या चिंध्या उरतात. ही लड विमानाच्या पोटातच फुटली तर पोटही जातं, म्हणून पीळ देताना ती एका नळीत ठेवतात. त्या फाट् आवाजानंतर खेळाडू काय बोलतो ते प्रत्येक देशात वेगळं असतं, पण त्याचा अर्थ विचारावा लागत नाही.

एवढं करून विमान लगेच सोडायचं नसतं. पीळ भरलेलं रबर बसल्या जागी जोर गमावत जातं, थंडीत तर लवकरच. म्हणून काही जण विमानाच्या पोटाला उबदार बंडी घालतात. स्वतः कुडकुडत उभे राहतील, पण विमानाला वारा लागू देणार नाहीत.

रबराची गोष्ट इथे संपत नाही. प्रत्येक उत्पादनाचा लॉट वेगळा आणि त्यावर महिना-वर्ष. ‘टॅन टू’ नावाच्या अमेरिकी रबराचा मे १९९९चा लॉट असा काही निघाला की त्याची कीर्ती अजून गेलेली नाही. ज्यांनी तेव्हा पेट्या भरून घेतल्या ते पुढची कितीतरी वर्षं सावकारी थाटात वावरले. ज्यांच्याकडे नव्हतं त्यांनी त्यांच्याशी मैत्री वाढवली. हे रबर हवाबंद पाकिटात, उजेडापासून दूर, थंड जागी ठेवायचं असतं. घरातली अशी सगळ्यात सोयीची जागा म्हणजे फ्रिज. मग तिथे भाजीच्या कप्प्यावरून जे तंटे होतात त्यांवर एफएआयचा कुठलाही नियम लागू नाही.

आता हवा. जमीन तापली की कुठेतरी गरम हवेचा फुगवटा सुटतो आणि वर चढू लागतो. तो थर्मल. विमान त्यात सापडलं तर मॅक्स, शेजारच्या उतरत्या हवेत सापडलं तर दीड मिनिटात जमिनीवर. थर्मल दिसत नाही, म्हणून तो दाखवणारी सगळी साधनं मैदानावर रोवलेली असतात. उंच काठ्यांना चकाकत्या प्लॅस्टिकच्या फिती बांधलेल्या असतात. तापमापक कागदावर किंवा पडद्यावर रेघ ओढत असतो. साबणाचे फुगे सोडणारी यंत्रं असतात. कॅलिफोर्नियात लोक पाणकणसाचा कापूस हवेत उधळतात. आणि सगळ्यात वर, काहीही उपकरण न बाळगता, एखादी घार पंख न हलवता गोल गोल फिरत असते. तिला पाहिलं की लाखमोलाच्या उपकरणांकडे पाठ करून सगळं मैदान तिच्याकडे बघायला लागतं.

तरीही पहिलं विमान सोडायला कुणी तयार नसतं. फेरी तासाभराची, स्पर्धक पन्नासच्या वर, पीळ भरलेला, दोऱ्या ताणलेल्या, आणि प्रत्येकजण शेजाऱ्याकडे बघत उभा. आधी तुम्ही, नाही नाही, आधी तुम्हीच. मग एखाद्याचा धीर सुटतो, त्याचं विमान वर जातं आणि वळताना जरा उचललं जातं. त्याच क्षणी रांगभर आरडाओरडा होतो आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात वीस-पंचवीस विमानं त्याच्याखाली जाऊन घुसतात. दुसऱ्याने शोधलेल्या थर्मलवर अशी स्वारी करणं पूर्णपणे नियमांत बसतं. पहिल्याने मनातल्या मनात काय म्हणावं यालाही नियम नाही.

ग्लायडरवाल्यांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांचं विमान दोन मीटरहून रुंद, वजन किमान ४१० ग्रॅम, आणि दोरी ५० मीटर. संक्रांतीला गच्चीवर पतंगाला ढील देणाऱ्याला हा खेळ पटकन कळेल, फरक इतकाच की पतंगवाला एका जागी उभा असतो आणि इथे ग्लायडर डोक्यावर गोल फिरत असताना माणूस खाली मैदानभर चालत, पळत, मागे सरकत हवा हुंगत असतो. असं अर्धाअर्धा तास चालतं. मान वर, पाय खाली, आणि पायांना मैदानातली बिळं दिसत नाहीत. दोन स्पर्धकांच्या दोऱ्या गुंतल्या तर मग गुंता सोडवताना आंतरराष्ट्रीय सलोख्याची परीक्षा होते. हवा मनासारखी मिळाली की तो जिवाच्या आकांताने धावतो, दोरी ताणतो, ग्लायडर वेगाने वर फेकलं जातं, दोरी सुटते. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाने असं धावू नये असं डॉक्टर सांगतात. सत्तरीतल्यांना सांगून काही उपयोग नाही हे डॉक्टरांनी मान्य केलेलं आहे.

विमान सुटलं की टाइमकीपर दुर्बिणी लावतात आणि मालक पळायला लागतो. सेकंदाला सहा मीटर वारा असेल तर तीन मिनिटांत विमान एक किलोमीटरच्या पुढे जातं. वारा नऊ मीटरच्या वर गेला तर स्पर्धा थांबवतात, पण नऊपर्यंत चालू असते, म्हणजे दीड किलोमीटरहून जास्त. आणि हे झालं तीन मिनिटांचं. त्यानंतर ते खाली यायला हवं ना! म्हणून विमानात डीटी नावाची सोय असते. ठरलेल्या वेळी शेपटीचा पंख टपकन वर उचलला जातो, विमानाला उडणं जमेनासं होतं आणि ते आडवंच्या आडवं खाली येतं. पूर्वी हे काम धुमसणारी वात करत असे. ती जळत जळत एक रबरबँड तोडायची. वाळल्या गवतात असं विमान उतरलं की विमान शोधायची गरज उरत नसे, धूर दिसायचा. आता छोटे इलेक्ट्रॉनिक टायमर आहेत आणि रेडिओही चालतो. पण त्या रेडिओवरून विमानाला एकच आज्ञा देता येते: खाली ये. वळ, चढ, जरा थांब, असलं काही बोलायचं नाही.

ते खाली कुठे येईल हे मैदानावर अवलंबून. फेब्रुवारीत हंगामाची मोठी सुरुवात कॅलिफोर्नियातल्या लॉस्ट हिल्सला होते. मैदान सुरेख, पण वाऱ्याच्या दिशेला बदाम-पिस्त्यांच्या बागा आहेत आणि सारख्या अंतरावर लावलेल्या, एकसारख्या दिसणाऱ्या हजारो झाडांत दोनशे ग्रॅमचं विमान शोधायचं असतं. दक्षिण गोलार्धातल्यांसाठी ऑस्ट्रेलियात नॅरोमाइन आहे. उन्हाळ्यात मंडळी युरोपात असतात. फ्रान्समधल्या माँकाँतूरला ऑगस्टमध्ये गव्हाची कापणी झालेली असते, पण मका आणि सूर्यफूल डोक्याइतकं उभं असतं. मक्यात शिरलेल्या माणसाला चार पावलांनंतर विमान तर सोडाच, स्वतःची गाडीही सापडत नाही. इंग्लंडमध्ये स्टोनहेंज चषकासाठी सॉल्सबरी प्लेनवर जायचं. ते लष्कराचं सरावक्षेत्र. तिथे जमिनीवर दिसणारी अनोळखी वस्तू उचलू नका, फुटेल, अशा पाट्या लावलेल्या असतात. विमान शोधायला निघालेल्याला अशा वेळी गवतातली प्रत्येक वस्तू जरा जास्त निरखावी लागते. २०१५ची जागतिक स्पर्धा मंगोलियात झाली. तिथे झाडं नाहीत, मका नाही, कुंपण नाही, म्हणजे विमान कुठेही अडकत नाही. वाटेत अडवणारं काही नसलं की शोधायची जागाही कमी होत नाही.

म्हणून विमानात बीपर असतो, जीपीएस असतो, खेळाडूकडे मोटरसायकल किंवा घडीची सायकल असते, आणि इतकं असूनही विमानावर नाव-पत्ता असतोच. कारण काही विमानं सहा महिन्यांनी कापणी करणाऱ्या शेतकऱ्याकडून परत येतात.

संध्याकाळी सगळ्या फेऱ्या संपतात तेव्हा समितीच्या कात्रीचा फारसा उपयोग झाला नाही हे उघड होतं. सगळे मॅक्स मारून बरोबरीत आलेल्यांची रांगच लागते. मग फ्लाय-ऑफ, म्हणजे बरोबरीतल्यांच्या जादा फेऱ्या. प्रत्येक वेळी मर्यादा दोन मिनिटांनी वाढते. हा निकाल अनेकदा दुसऱ्या दिवशी पहाटे लागतो, कारण सूर्य उगवताना हवा शांत असते आणि थर्मलची कृपा कुणावरच नसते. दहा-पंधरा माणसं अंधारात, हातात पीळ भरलेली विमानं घेऊन, एकमेकांशी न बोलता उभी असतात. लांबून पाहणाऱ्या एखाद्या गुराख्याने पोलिसांना कळवलं तर त्याचं चुकलं म्हणता येणार नाही.

बाहेरच्या वाऱ्याला कंटाळलेल्यांसाठी याच खेळाचा एक बंदिस्त प्रकार आहे, एफ१डी. त्यातलं विमान १.४ ग्रॅमचं आणि रबर ०.४ ग्रॅमचं. रुमेनियात स्लानिक प्राहोवा इथे जमिनीखाली दोनशेहून अधिक मीटरवर मिठाची जुनी खाण आहे. तिथे या विमानांच्या जागतिक स्पर्धा झाल्या आहेत. पंखा इतका सावकाश फिरतो की त्याची पाती मोजता येतात. विमान भिंतीकडे सरकलं तर दोरीला बांधलेल्या फुग्याने त्याला हळूच मार्गावर आणायची परवानगी असते. अर्धा तास असं चालतं. या काळात खाणीत कुणी भरभर चालायचं नाही. कुणाला शिंक आली तर तिने काय करावं हे शिंकेवर सोपवलेलं आहे.

या लोकांच्या बाजूने बोलायचं तर त्यांच्याकडे एक बिनतोड नाव आहे. पॉल मॅक्रेडी. पोरवयात मॉडेल विमानांच्या स्पर्धा गाजवणारा हा माणूस १९५६मध्ये ग्लायडिंगचा जगज्जेता झाला आणि २३ ऑगस्ट १९७७ रोजी त्याचं ‘गॉसमर काँडोर’ हे पायाने पेडल मारून चालवायचं विमान ठरलेला मार्ग पूर्ण करून ५० हजार पौंडांचं क्रेमर पारितोषिक घेऊन गेलं. जागा शाफ्टर, म्हणजे लॉस्ट हिल्सच्याच जिल्ह्यात. अंगणात पसारा घालणाऱ्या नवऱ्यांसाठी हे उदाहरण फार मोलाचं. त्यातून नवऱ्याला ५० हजार पौंड मिळतील असं सिद्ध होत नाही, ही उणीव बायकांच्या लक्षात येतेच.

पूर्वी विमान स्वतःच बनवलेलं असलं पाहिजे असा नियम होता. तो मैदानावरच्या मोठ्या गटांतून गेला आणि पूर्व युरोपातल्या कसबी कारागिरांकडून तयार कार्बनचे पंख मिळू लागले. विकत घेतलेल्या विमानाने जिंकणं हे जिंकणं आहे का, हा वाद तेव्हापासून दर हिवाळ्यात निघतो. हे एरंडाचं गुऱ्हाळ चालू असताना दोन्ही पक्षांचे लोक एक गोष्ट मात्र निमूट करतात: पंख आरशासारखा गुळगुळीत घासायचा आणि मग त्याच्या वरच्या बाजूला मुद्दाम एक दोरा चिकटवायचा. एवढ्या छोट्या पंखावर हवा गुळगुळीत वाहिली तर लवकर सुटते, थोडी खडबडीत झाली तर चिकटून राहते. शास्त्र पक्कं आहे, पण गुळगुळीत पंखावर दोरा चिकटवणाऱ्याला तसं घरी समजावून सांगायला वेळ लागतो.

डिसेंबर संपतो, क्रमवारी लागते, आणि विजेत्याला चषक मिळतो. पैसे? विमानं, प्रवास, भाड्याची गाडी आणि मे १९९९चं रबर यांचा हिशेब कुणी मांडत नाही. मग पुन्हा फेब्रुवारी येतो आणि विमानतळाच्या काउंटरवर माणसाच्या उंचीची एक पेटी उभी राहते.

“यात काय आहे?”

“विमानं.”

“विमानं? चालतात कशावर?”

“रबरावर.”

काउंटरवरची बाई एकदा पेटीकडे बघते, एकदा माणसाकडे, आणि पेटी काट्यावर ठेवायला सांगते. आकडा उमटतो.

“परतताना वजन वाढणार नाही ना?”

“नाही हो,” तो म्हणतो, “कमी झालं तरच वाईट.”